माझ्या नावाने उघडलेला संगणक

सोमवार, दुपार

प्रिय धाकटे,

तुला आणि चिमीला अनेक आशीर्वाद.

"ताई, तुमच्या नावावर बसू का थोडा वेळ?" ऑफिसात लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तू विचारलं होतंस. माझ्या तोंडात घास होता, मी मानेनेच हो म्हटलं. हल्ली ते वाक्य सारखं कानात येतं.

तुझं पत्र शिंपीणबाईंकडे मिळालं. त्यांच्याच पत्त्यावर लिहीत जा, फोन नको. घरी सगळे ठीक. सासूबाईंचा गुडघा कुरकुरतो, आणि त्या गुडघ्यापेक्षा जास्त. चिमीची उशी अजून त्यांच्याच पलंगावर आहे.

मला काढलं हे तुला कळलंच आहे. कारण एका ओळीचं: ऑफिसचा संगणक खासगी कामासाठी वापरला. चौकशीत मी आपली रीत सांगितली. सकाळी जी आधी येईल तिने आपला पासवर्ड घालून संगणक उघडायचा आणि दिवसभर सगळ्यांनी त्याच्यावरच पाणीबिलाच्या तक्रारी नोंदवायच्या. मधेच नाव बदलायला गेलं की यंत्र रुसून बसायचं आणि खिडकीबाहेरची रांग आपला उद्धार करायची. सगळ्यात आधी येणारी मी, त्यामुळे नाव माझंच.

साहेब म्हणाले, "अशी कुठलीही रीत आमच्याकडे नाही." हेच साहेब माझ्या नावावर बसून मॅच बघायचे आणि विकेट पडली की टेबल बडवायचे! बाकीच्या सगळ्या खाली मान घालून बसल्या. त्यांना तरी काय बोल लावू? हो म्हणाल्या असत्या तर तेच बालंट त्यांच्यावर.

चौकशीच्या बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही नाही, तर मग हे बघत कोण होतं? भाड्याच्या खोल्या, मुलींच्या शाळा, एकट्या बायकांना मदत करणाऱ्या संस्था?"

"आठवत नाही," मी म्हटलं. इतकं लंगडं खोटं मी कधी बोलले नसेन.

तू लिहितेस की येऊन सांगते, ते सगळं बघणारी मीच होते. ते तर मुळीच नको. भाऊजी रोज तुझा फोन हातात घ्यायचे, तुझा ऑफिसचा पासवर्डही त्यांनी वदवून घेतला होता. म्हणून तर तुला माझं नाव लागलं. तू काय शोधतेयस ते मला माहीत होतं. डबा घेऊन दाराशी मीच बसायचे ना, कुणी आलं तर खोकायला.

इतकं लिहून झालं, तरी मुद्द्याचं राहिलंच. पुढल्या सोमवारी अपिलाची सुनावणी आहे, आणि भाऊजी माझ्याबरोबर येणार आहेत.

काल जेवताना म्हणाले, "वहिनी, एकट्या कशाला जाता? मी येतो. बघू तरी काय एवढं बघत होतात ते."

"काही नाही हो, उगाच आपलं."

"मग घाबरता कशाला?" हसून म्हणाले. ते हसणं तुला माहीत आहे.

आमचे हे ताटातून मान वर न करता म्हणाले, "येऊ दे की त्याला. तेवढाच आधार." यांना अजून वाटतं, तू रागावून गेलीस आणि राग उतरला की येशील.

सुनावणीत एकेक पान मोठ्याने वाचतात आणि विचारतात, हे तुम्ही पाहिलंत का? त्या पानांत तू आता राहतेस त्या गावाचं नाव आहे. चिमीच्या शाळेचंही. बंद खोलीत वाचता येईल का, म्हणून कारकुनाला विचारलं. तो मायेने म्हणाला, "घरचं माणूस असलेलं बरंच की, बाई." भाऊजींना येऊ नका म्हणावं, तर का ते सांगावं लागेल, आणि माझा चेहरा काही लपवत नाही.

अपील मागे घेतलं की प्रश्न मिटला. इथवर मी रोज येते आणि अडते. मला ती खिडकी परत हवी आहे, धाकटे. रांगेतली म्हातारी माणसं दुसऱ्या खिडकीकडे न जाता "बाई, तुम्हीच बघा" म्हणायची, ती हवी आहेत. कामचोर म्हणून घरी बसणं माझ्या घशाखाली उतरत नाही.

तुझ्या पत्रात खोलीला लावलेले पडदे होते, चिमीला मिळालेली मैत्रीण होती. ते दोनदा वाचून मी हे लिहितेय, म्हणजे बघ किती कोडगी झालेय. तू नाही म्हणशील. म्हणायलाच हवंस. तुझ्या जागी मी असते तर हा कागद फाडून टाकला असता. तुझं उत्तर आलं नाही तर अपील मागे घेते असं लिहून देईन, आणि तुला त्याबद्दल कधी बोलणार नाही. पण तुला न विचारता तसं लिहून दिलं, तर पुढे मनातल्या मनात तुझ्यावर राग धरीन, आणि ते मला नको आहे.

पुढल्या सोमवारच्या आत ती खोली सोडून, चिमीला घेऊन, त्या पानांत नसलेल्या एखाद्या गावी जाशील का गं?

शिंपीणबाईंच्या दारात उभी,
तुझी ताई