पोह्यांचा डबा मीच उघडला

गणराज,

रात्रपाळीवरून आल्यावर पोह्यांचा डबा उघडा दिसेल आणि आतली गोळ्यांची पट्टी दिसणार नाही. लगेच माझ्या नावानं शिमगा करू नकोस भावा. मी गोळ्या नाही, पोहे खाल्लेत.

आज पोटात कावळे ओरडले म्हणून जाग आली. किती दिवसांनी, राव! लक्ष लागावं म्हणून दिलेल्या गोळ्या मी डबल शिफ्टसाठी दुप्पट खायला लागलो, तेव्हापासून भूकच मेली होती. म्हणूनच तू पट्टी तिथं लपवलीस ना? हा कशाला डबे उघडतोय, असं वाटलं असेल. पट्टी सापडली तेव्हा एक गोळी काढावीशी वाटली, खोटं सांगत नाही. पण फोडणी करपायला लागली, म्हणून तिकडं धावलो.

पट्टी घेऊन चिंचवडला डॉक्टर मॅडमकडं चाललोय, त्यांच्याच हातात देतो. मागच्या वेळी तपासून सध्या भरती व्हायची गरज नाही म्हणाल्यात. दर आठवड्याला दाखवायचं, समुपदेशन घ्यायचं. मन फारच खचलं तर मात्र भरती. एकदा घरचं माणूस आणा म्हणाल्या, मी तुझं नाव सांगितलंय. नातं विचारलं तर रूममेट म्हणू नकोस, भाऊ सांग.

तुझे पोहे कढईत झाकून ठेवलेत. गोळ्या सोडल्यापासून आपली एकुलती एक कॉट मी अडवून पडलो होतो आणि तू कामावरून येऊन फरशीवर झोपायचास. आज चादर बदलली आहे. कॉटवर झोप.

समाधान