फौओताचं नाव पुन्हा वंशावळीत

मी, सायलस इरोमेआ, वय अठ्ठ्याहत्तर, मलाइता बेटावरच्या आमच्या कुळाची वंशावळ तोंडपाठ सांगणारा, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत. स्मरण शाबूत आहे, आणि तेच आता छळतं.

१. राहतं घर आणि होडी मुलगा योथाम याला. होडीला भोक आहे, ते त्यानेच पाडलं आहे.

२. बायबल नात मिरियमला. त्यातल्या लेवीय या पुस्तकाची पानं सुटी झाली आहेत. ती वाचून वाचून मीच सुटी केली.

३. आमचे पूर्वज लेवीच्या याजककुळातले, इस्राएलातून समुद्रमार्गे आले, असं मी मानतो. डोंगरावरची आमची जुनी वेदी न घडवलेल्या दगडांची आहे, देवाने मोशेला सांगितली होती तशीच. पाळकसाहेब हसतात. हसोत बापडे.

४. आता माझं पाप. वंशावळीत बावीस नावं, सर्वांत वरचं फौओता, एका बाईचं. पन्नाशीत मला वाटलं, लेवीचा वंश बाईपासून कसा सुरू होईल? मी तिला गाळून लेवीचा नातू बसवला, आणि जमिनीच्या बैठकीत तेच म्हटलं. माझ्या तोंडचं म्हणून पंचांनी खरं धरलं. माझी चुलतबहीण ओरिफाना हिचा हक्क फौओताच्या लेकीकडून येतो. फौओताच नाही म्हटल्यावर तिला मुलाबाळांसह अळूचा उतार सोडून किनाऱ्यावर जावं लागलं. निघताना ती म्हणाली, "दादा, इस्राएलला पोचायला तुला माझीच मूळ आजी होडीतून ढकलायची होती होय रे?" सत्तावीस वर्षं मला त्याची लाज वाटते आहे.

५. तेव्हा माझ्याकडे आलेला तो उतार, बदामाच्या झाडांसकट, माझ्यामागे ओरिफानाच्या कुटुंबाचा. योथामने आडवं येऊ नये.

पुरवणी : साक्षीसाठी बोलावलेल्या ओरिफानाला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कागद ठेव तुझ्यापाशी. आजीचं नाव तू तोंडाने पुसलंस. कागद वाचून आपल्याकडे कोणी जमीन सोडलीय का कधी? आणि तू गेल्यावर योथाम म्हणेल, म्हाताऱ्याला भ्रम झाला होता."

खरं आहे. म्हणून कलम पाच माझ्या मरणासाठी थांबणार नाही. येत्या रविवारी प्रार्थनेनंतर, पंचांसमोर आणि योथामसमोर, मी वंशावळ म्हणणार आहे. पहिलं नाव फौओता.

सही : सायलस इरोमेआ
साक्षीदार : ओरिफाना (अंगठा), एनोस रामोफिया, शाळामास्तर
मलाइता, गुरुवार, १४ ऑगस्ट २००८