तो कसा वाचला, ते कोणी सांगितलंच नाही

प्रिय भिंगरी,

सिनेमा बघून आलो. फोनवर मला दोन वाक्यांपुढे जमत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून कागद घेतला. दुकानात दुपारी दोन ते चार कोणी फिरकत नाही. लोकांच्या किल्ल्या हरवतात त्या सकाळी घाईत, नाहीतर संध्याकाळी घरी परतल्यावर. मधल्या वेळेत गल्ल्यावर कागद पसरून लिहितो आहे, तेव्हा कुठे तेलाचा डाग दिसला तर रागावू नकोस.

तू पाठवलेलं तिकीट दारावर दाखवायचं होतं, तर माझ्याकडून तीन वेळा भलतंच उघडलं. एकदा दुकानाच्या शटरचा फोटो, एकदा माझ्याच अंगठ्याचा आणि एकदा तुझ्या आईचा. मागे रांग खोळंबली होती. शेवटी दारावरच्या माणसाने फोन हातात घेऊन तिकीट शोधलं, आणि आईच्या फोटोकडे बघून म्हणाला, बाईंना नाही आणलंत? मी म्हटलं, पहिल्या भागाला होत्या. मला कोपऱ्यातली खुर्ची होती, ती सोडून त्याने मधली दिली.

आता तू विचारलेलं आधी सांगतो. तो वाचला. कसा वाचला, ते कोणी सांगितलंच नाही. पहिल्या भागाच्या शेवटी कप्तान पेटी कवटाळून जहाजावरून उडी टाकतो, पाणी मिटतं, आणि आपण तिघं अंधारात तोंडाला हात लावून बसलो होतो. सतरा वर्षं जग त्याला मेलेला समजत होतं. आणि दुसऱ्या भागात हा पठ्ठ्या बंदरावरच्या खानावळीत मांडी ठोकून सूप पितो आहे, केस पिकलेले, आणि पहिल्या भागातला तो पोरगेला खलाशी दार उघडून आत आल्यावर त्याला म्हणतो काय, तर 'उशीर केलास.' बास. एवढाच खुलासा. पण थिएटरमध्ये अशा शिट्ट्या पडल्या, भिंगरी, की पुढची चार वाक्यं कोणालाच ऐकू आली नाहीत. त्यातच खुलासा होता की काय, देव जाणे.

मध्यंतरात चहाच्या रांगेत हाच विषय. कॉलेजातल्या दोन पोरींचं ठाम मत, की पेटी रिकामी होती, म्हणून तरंगली, आणि तिला धरून तो किनाऱ्याला लागला. एक मिशीवाले गृहस्थ म्हणाले, हा तो नव्हेच, जुळा भाऊ आहे, तिसऱ्या भागात कळेल. त्यांचा पुरावा असा, की पहिल्या भागात कप्तानाचा उजवा कान तुटलेला होता आणि आता डावा तुटलेला आहे. हे खरं आहे, माझ्याही लक्षात आलं होतं. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक वयस्कर बाई होत्या, हातात विणकाम, अंधारातही सुया चालू. त्या म्हणाल्या, सतरा वर्षांत माणसाचं काय काय इकडचं तिकडे होतं, कानाचं काय घेऊन बसलात.

मी आपला चहा घेऊन आत आलो. पण उत्तरार्धात ती पेटी समुद्राच्या तळातून वर काढतात, वर शिंपल्यांचा थर, कुलपाला बोटभर गंज. कप्तान गळ्यातली किल्ली काढतो, घालतो, फिरवतो आणि कुलूप टक्‌ करून उघडतं. माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, 'शक्यच नाही.' पुढच्या रांगेतले सगळे वळले. विणकामवाल्या बाईंनी सुया थांबवून विचारलं, का हो? मी म्हटलं, नंतर सांगतो. आणि खरंच, सिनेमा संपल्यावर त्या बाई, मिशीवाले, त्या दोघी पोरी, सगळे बाहेरच्या जिन्याशी माझी वाट बघत उभे.

तेव्हा मी त्यांना आपल्या बादलीची गोष्ट सांगितली.

तुला त्यातलं किती आठवतं मला माहीत नाही, तू नऊ वर्षांची होतीस. तुझ्या आईशी लग्न करून मी तुमच्या घरी येऊन तीन महिने झाले होते आणि तू माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हतीस. जे काही असेल ते आईमार्फत. 'त्यांना सांग, दिवा घालवा.' 'त्यांना सांग, ती माझ्या बाबांची खुर्ची आहे.' मी दिवा घालवायचो, खुर्चीतून उठायचो. मला राग यायचा नाही. तुझे बाबा जाऊन तीनच वर्षं झाली होती, आणि हाताला लोखंडाचा वास येणारा कोणी परका त्यांच्या जागी जेवायला बसतो, हे पोराने का म्हणून सोसावं? पण रोज कुलपं उघडणाऱ्या माणसाला घरात दार बंद, हे तुझी आई हसत हसत म्हणायची आणि मग पदराने डोळे पुसायची.

सिनेमाचा पहिला भाग बघायचा, हे तिनेच ठरवलं. मधे ती, दोन बाजूंना आपण दोघं. परत येताना रस्त्यात तू अचानक थांबलीस, आईला वळसा घालून माझ्यासमोर आलीस आणि थेट विचारलंस, 'मिठाच्या पाण्यात पडलेलं कुलूप नंतर किल्लीने उघडतं का?'

उत्तर मला त्याच क्षणी ठाऊक होतं. वीस वर्षं धंद्यात होतो. पण उत्तर दिलं असतं तर तू मान हलवून पुन्हा आईच्या पलीकडे गेली असतीस. म्हणून मी म्हटलं, माहीत नाही, करून बघावं लागेल. आयुष्यात मी थोडंफार खोटं बोललो असेन, पण एवढं कामाला आलेलं दुसरं नाही.

मग गॅलरीत बादली आली. फरशी पुसायची तीच बादली असल्याने आईने दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. आपण पितळी लिव्हरचं कुलूप मिठाच्या पाण्यात सोडलं आणि दर रविवारी बाहेर काढून किल्ली लावायची, असा नियम तू केलास. वहीत नोंद तुझीच. पहिला रविवार, उघडलं. दुसरा, उघडलं पण कुरकुरलं. चौथा, दोघांनी जोर लावल्यावर उघडलं. मधल्या दिवसांत तू शाळेतून परस्पर दुकानात यायला लागलीस, कारण तुला कुलपाच्या पोटात काय असतं ते बघायचं होतं. स्टुलावर उभी राहून किल्लीचे दात कानशीने घासायला शिकलीस. सातव्या रविवारी मी किल्ली फिरवली आणि ती आतल्या आत मोडली. अर्धी माझ्या हातात, अर्धी कुलपात. मी हिरमुसलो. आणि तू टाळ्या पिटत आत धावलीस, 'आई, काकांची किल्ली तुटली.'

काकांची. तोवर मी 'त्यांना' होतो. तुझी आई स्वयंपाकघराच्या दारात कणकेच्या हातांनी उभी राहिली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि काही बोललो नाही. बोललो असतो तर तुझ्या लक्षात आलं असतं.

हे सगळं जिन्यावर उभं राहून मी त्या अनोळखी लोकांना सांगितलं. कणकेचे हात वगळून. मिशीवाल्यांनी विचारलं, म्हणजे हा प्रयोग तुम्ही एकट्याने केलात? आणि मी म्हटलं, नाही, मी आणि माझ्या मुलीने. भिंगरी, हे शब्द मी याआधी कोणापुढे काढले नव्हते. शाळेच्या सभेत, दवाखान्यात, तुझ्या लग्नात, मी नेहमी 'बायकोची मुलगी' म्हणत आलो. मला वाटायचं, मला मिळालेलं नाही ते आपण होऊन उचलू नये. पण तिथे जिन्यावर ते सहज बाहेर पडलं आणि कोणी पुरावा मागितला नाही. विणकामवाल्या बाई एवढंच म्हणाल्या, हुशार दिसते पोरगी.

घरी चालत आलो. तो सगळा रस्ता एकच गोष्ट डोक्यात होती आणि तीच आता लिहायची आहे. आई गेल्यावर महिन्याभराने तुला गाडीवर सोडायला आलो, तेव्हा मी म्हणालो होतो, 'आता माझ्यासाठी म्हणून येत जाऊ नकोस. तू मोकळी आहेस.' तू माझ्याकडे नुसतं बघितलंस आणि गाडीत चढलीस. मला वाटलं, केवढा मनाचा मोठेपणा केला. आपल्याला जोडणारी ती होती, ती गेली, आता पोरीवर म्हाताऱ्याचं लोढणं नको. पण ते खरं नव्हतं. खरं असं, की मला भीती वाटत होती. तुझं येणं हळूहळू कमी होत होत एक दिवस आपोआप थांबेल आणि मी रविवारी दाराकडे कान लावून बसेन, ते मला झेपलं नसतं. म्हणून मीच आधी दार लावलं. तुझे फोन कमी झाले तेव्हा स्वतःला सांगत राहिलो, बघ, म्हटलं होतं ना. तुला किती लागलं असेल, हा विचार करायला मला दीड वर्ष लागलं. चुकलो मी. तू माझं ऐकलं नाहीस, याबद्दल तुझे किती आभार मानू? सिनेमाचं तिकीट आणि खाली एक ओळ, 'काका, दुसरा भाग आलाय, तो कसा वाचला ते बघून लगेच कळवा.' मी ती ओळ गिऱ्हाईक समोर असताना वाचली आणि त्याला तीनऐवजी चार किल्ल्या करून दिल्या.

पण पत्र लिहायला बसलो ते सिनेमासाठी नाही. काल सकाळी तुझा दुसरा निरोप आला. चौथा महिना लागला, सगळं ठीक आहे. आणि मग तू विचारलं आहेस, बाळाने तुम्हाला काय म्हणायचं? आणि त्याखाली, इतक्या वर्षांनी चालणार असेल तर मीही तुम्हाला बाबा म्हणू का? मी शटर अर्धं खाली ओढलं आणि निरोप पुन्हा वाचला. आता उत्तर देतो. बाळाने मला आजोबा म्हणावं. त्यासाठी मी पुढच्याच रविवारी येतो आहे, अजून ते बोलत नसलं तरी. पण तू मला बाबा म्हणू नकोस. ते तुझ्या बाबांचं आहे, त्यांच्यापाशीच असू दे. मी त्यांच्या खुर्चीतून एकदा उठलो, ते बरंच झालं. मला तू जे दिलंस ते कोणी शिकवलेलं नव्हतं, आईनेही नाही. नऊ वर्षांच्या पोरीने गॅलरीतून घरात धावत जाताना ते स्वतःच्या मनाने दिलं, आणि त्यावर मी सतरा वर्षं सुखाने जगलो. तेच राहू दे.

तुझाच,
काका