चहाच्या रंगाचं तेल

आत-बाशी
४ ऑक्टोबर २००४

ती. तोक्तोबुबू वन्सं यांस,
जुमागुलचा सा. न. वि. वि.

पत्र टपालात न टाकता बिश्केकला निघालेल्या मिनीबसच्या ड्रायव्हरकडे देतेय. टपालानं पाठवलं तर तुम्हाला ते बहुधा थेट मार्चमध्ये, नोरूझच्या सणाला मिळालं असतं.

इथं पॉप्लरची पानं मामंजींच्या नावाची झालीत. हसू नका. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या रंगाचं नाव मी तोंडातून काढलेलं नाही, मग पत्रात कुठून काढू? लोणी घ्यायला गेले की 'गाईच्या रंगाचं द्या, पांढरं नको' असं काहीतरी बोलते. बाजारातल्या बाईला बरोबर कळतं, कारण तीही कुणाची तरी सूनच आहे.

ह्यांचा रशियाहून फोन आला होता. बर्फ पडायच्या आत येतो म्हणाले. गेल्या वर्षीही हेच म्हणाले होते, त्यामुळे मी काही पाहुणचाराच्या तयारीला लागलेले नाही. सासूबाई गेल्यापासून घर, गाय, गाडी आणि मामंजी, सगळं माझ्याकडेच आहे आणि यातलं एकही माझं ऐकत नाही.

आता खरी बातमी. घाबरू नका, सगळे हातीपायी धड आहोत. मागच्या आठवड्यात नारीनहून प्रवासी घेऊन येत होते. आधी दोन-चार दिवस ब्रेकचं पेडल ताठ झालं होतं, चाकं तापायची, गाडीला मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटायचं. मला वाटलं बटाट्याच्या पोत्यांचं ओझं असेल. किझिल-बेलच्या उताराला लागलो आणि पेडल सरळ तळाला गेलं. पायाखाली काही नाहीच. शेजारी मुख्याध्यापिका बाई, मागं एक जोडपं आणि त्यांचं तान्हं बाळ. कसाबसा गियर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेऊन थांबवली. बाईंनी ज्या शिव्या दिल्या त्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नसतील. बाळ मात्र शेवटपर्यंत झोपलेलं होतं. मी खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला बसले.

गाडी ओढून कुबात नावाच्या मेकॅनिककडे नेली. त्यानं ब्रेक-तेलाच्या डबीत बोट बुडवलं आणि म्हणाला, हे स्टिअरिंगचं लाल तेल आहे, ब्रेकमध्ये घालायला सांगितलं कुणी? आतले सगळे रबर फुगून भिजवलेल्या मटारांसारखे झाले होते. नळ्या, रबर, सगळं काढून फेकायचं, आतून स्पिरिटनं धुवायचं आणि नव्यानं बसवायचं, एवढं काम निघालं. कुठल्या गाढवानं ओतलं म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, मीच.

मी ओतलं नव्हतं, वन्सं. डबीतलं तेल खाली गेलं होतं, भरून द्या असं मामंजींना मी सांगितलं होतं आणि त्यांनी भरलं. नारीनच्या बाजारातून दोन्ही तेलं सुटी आणली होती, पाण्याच्या बाटल्यांतून. त्यांनी दुसऱ्या बाटलीतलं घातलं. हे त्यांना अजून माहीत नाही, आणि माझ्याच्यानं सांगवत नाही. गल्लीतली पोरं अजूनही गाडी कुरकुरली की आधी त्यांच्याकडे येतात, ते कान लावून ऐकतात आणि सांगतात. सासूबाई गेल्यावर त्या माणसाकडे एवढंच तर उरलंय. तुम्हीही सांगू नका, एवढीच विनवणी.

दमलेय. बाकी ठीक. लोभ असू द्या, निदान पुढच्या चुकीपर्यंत तरी.

तुमची,
जुमागुल

~

बिश्केक
९ ऑक्टोबर

चि. जुमागुल हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी रडले, मग तुझा भयंकर राग आला. दुसऱ्याची चूक अंगावर घेऊन मिरवायची ही काय हौस? तू डोंगराला घासून गाडी थांबवलीस म्हणून बाबांची चूक आज नुसती चूक आहे. नाहीतर तिला काय म्हणायची वेळ आली असती, याचा विचार कर.

इकडे हॉस्पिटलात रात्रपाळ्या सुरू आहेत. पाय सुजतात, कंबर बोलते. धाकटी परीक्षेत नापास झाली आणि दोष मास्तरांना देतेय, म्हणजे घराण्याला शोभून दिसते. हे सगळं डोक्यावर असताना तुमच्या घाटातल्या बातम्या वाचायच्या. असो.

बाबांना वेंधळे मात्र समजू नकोस. ते सहकारी शेताचा ट्रक चालवायचे तेव्हा ब्रेकचं तेल लालच असायचं. स्पिरिट आणि एरंडेल मिसळून केलेलं. मी शाळेतून सुटले की त्यांच्याबरोबर ट्रकमध्ये बसायची, त्यांच्या हातांना कायम तो एरंडेलाचा वास. कडक थंडीत ते घट्ट व्हायचं आणि बाबा त्याला शिव्या देत बसायचे. जन्मभर माणसानं ब्रेकमध्ये लाल ओतलं. समोर लाल बाटली आली तर दुसरं काय ओतणार? ते तेल कधीच बंद झालं, हे त्यांना कुणी सांगितलंच नसेल.

पण एक कळत नाही. ब्रेकचं कुठलं हे तू त्यांना सांगितलं नव्हतंस का? नक्की काय सांगितलं होतंस? त्यांचं नाव सारीबेक, सारी म्हणजे पिवळं, आणि ब्रेकचं तेल नेमकं पिवळं. मला उगाचच शंका येतेय. मी त्यांची लेक, मी दिवसातून दहा वेळा पिवळं म्हणू शकते. तुझं तसं नाही.

सगळं खरंखरं लिही. माया आहेच, तिच्याबरोबर हा रागही ठेवून घे.

तुझी,
तोक्तोबुबू

~

आत-बाशी
१५ ऑक्टोबर

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुमची शंका खरी आहे.

त्या दिवशी मी कणीक मळत होते, हात भरलेले. मामंजी अंगणात बॉनेट उघडून उभे. त्यांनी खिडकीतून विचारलं, यातलं ब्रेकचं कोणतं. तो शब्द माझ्या जिभेवर आला आणि मी गिळला. म्हटलं, चहाच्या रंगाचं, मामंजी. माझं माहेर ओशकडचं. आमच्याकडे चहा म्हणजे हिरवा चहा, कपात ओतला की त्यांच्या नावाचाच रंग दिसतो. तुमच्याकडे चहा म्हणजे लाल, तोही इतका कडक की चमचा उभा राहावा. ते बरं बरं म्हणाले आणि लाल बाटली उचलली. त्यांच्या जुन्या आठवणीशीही जुळलं. मग ते चुकले कुठे? आणि मी तरी कुठे चुकले? रात्रंदिवस हाच विचार करून डोकं शिणलंय.

मी मात्र दोष अंगावर घेतला आणि आता तो मलाच भोवलाय. शेजारीण म्हणाली, कुबातनं सगळ्या बाजाराला सांगितलं की सारीबेकच्या सुनेनं ब्रेकमध्ये स्टिअरिंगचं तेल ओतलं. (क्षमा करा, हे नाव शेजारणीच्या तोंडचं म्हणून लिहिलंय, आणि ते लिहितानाही हात अडखळला.) मामंजी म्हणाले, मी व्यवस्थित ब्रेकचं तेल भरून दिलं होतं, हिनं वर आणखी काय ओतलं देव जाणे. गाडी दुरुस्त होऊन आली त्याच दिवशी किल्ल्या त्यांनी स्वतःच्या खिशात टाकल्या. आता घाटात ते स्वतः गाडी नेणार. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, समोरून येणारी बस त्यांना धुरासारखी दिसते, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. परवा प्रवासी घेऊन निघायचं म्हणतात.

आणि ती लाल बाटली अजून फळीवरच आहे. अर्धी भरलेली. मी टाकायला निघाले तर माझ्यावर ओरडले की चांगलं तेल आहे, फेकतेस काय, निघायच्या आधी पुन्हा भरून घेईन.

खरं सांगितलं तर तो माणूस मोडेल. नाही सांगितलं तर घाटात मरेल, आणि चार जणांना घेऊन मरेल. मला सांगता यायला हवं, पण समोर उभी राहिले की डोक्यावरचा रुमाल पुढं ओढला जातो आणि तोंड मिटतं.

लोभ राहू द्या. रागही चालेल.

तुमची,
जुमागुल

~

आत-बाशी
२० ऑक्टोबर

चि. तोक्तोबुबू हिस,
बापाचे अ. उ. आ.

मी पत्र लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. डोळ्यांना त्रास होतो आणि सांगण्यासारखं काही घडत नाही. या वेळी घडलं.

सतरा तारखेला सकाळी गाडी काढायची होती. बॉनेट उघडलं, डबीचं झाकण काढलं, बाटली तिरकी केली. इतक्यात मागून कुणीतरी मोठ्यानं हाक मारली, सारी! मी वळून पाहिलं. माझी आई गेल्यापासून मला सारी म्हणून कुणी हाक मारलेली नाही. म्हातारा झालो तरी त्या हाकेला मान आपोआप वळते. वळलो म्हणून तेल ओतायचं राहिलं.

हाक जुमागुलनं मारली होती. गोठ्यातून धावत आली, दूध सगळं अंगणात सांडलेलं. पुन्हा ओरडली, सारी तेल, सारी तेल, लाल नाही! शेजारची मंडळी भिंतीवरून बघायला लागली. मग ती तिथंच दुधात बसली, तोंड झाकून घेतलं आणि माफी मागू लागली. तेलाची नव्हे, नावाची. मी विचारत गेलो आणि तिनं तुकड्या-तुकड्यांनी सगळं सांगितलं. खिडकी, कणीक, चहा, उतार, ते बाळ. तू तिला काय लिहिलंस तेही सांगितलं. एरंडेलाचं तुला अजून आठवतं याचं नवल वाटलं.

मुली, मला वाईट वाटलं. फार वाटलं. उन्हाळ्या-पावसाळ्यात, बर्फात ट्रक नेला, एका माणसाला कधी खरचटू दिलं नाही, आणि घरच्या अंगणात बसून मी त्या बाळाला मारायला निघालो होतो. त्या रात्री जेवलो नाही. जुमागुल पुन्हा पुन्हा ताट घेऊन येत राहिली, तेव्हा तिच्यासाठी म्हणून चार घास खाल्ले.

दुसऱ्या दिवशी काठी घेऊन चालत कुबातकडे गेलो. तिथं पाच-सहा जण बसले होते, बरं झालं. म्हटलं, तू विचारत होतास ना कुठल्या गाढवानं ओतलं, ते गाढव स्वतः आलंय, नीट बघून घे. आणि माझ्या सुनेबद्दल बाजारात जे बोललास ते आता परत घे, तेवढ्याच मोठ्यानं. त्यानं चहा पाजला. लालच होता. दोघंही हसलो, पण मला ते हसू पचलं नाही.

किल्ल्या जुमागुलला दिल्या. डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायला तीच नेणार आहे. तिला म्हटलं, माझं नाव घेत जा, घाटात उपयोगी पडतं. ती नाही म्हणते. एकदा निघून गेलं ते भीतीनं गेलं, म्हणते. मी हट्ट केला नाही. तिच्या सासूनंही जन्मभर मला अहो ऐका एवढंच म्हटलं.

मग मी असं केलं. लाल तेलाची बाटली रिकामी केली. ब्रेकच्या तेलाच्या बाटलीवर कागद चिकटवला आणि त्यावर जाड पेन्सिलीनं माझं नाव लिहिलं, म्हणजे तिला बोलायला नको. काल एका प्रवाशानं विचारलं की हे सारीबेक कुठल्या कंपनीचं तेल. जुमागुल इतकी हसली की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

आता मी तिच्या शेजारच्या सीटवर बसतो. निघण्याआधी ती डबी उघडते, बाटलीवरच्या माझ्या नावावर बोट ठेवते आणि माझ्याकडे बघते. मी हो म्हणतो. मगच ओतते.

तू पाय वर करून निजत जा, सूज उतरेल. धाकटीला म्हणावं, मास्तरला दोष देऊ नकोस. माया आहे, ती बोलायची मला कधी सवय लागली नाही.

तुझा बाप,
सारी