चेहऱ्याची लाली: पांढुर्णा, १९५६

२२ सप्टेंबर १९५६
आज पुन्हा. तिसरीच्या वर्गात पाढे घेता घेता गाल पेटले. नाक, हनुवटी, सगळं. आरसा लागत नाही, मुलींच्या डोळ्यांतच दिसतं. सुट्टीत कमलची आई आली, दारातूनच बोलली. "बाई, कमलले दुसऱ्या वर्गात बसवा. तुमच्या तोंडावर काय उठलं ते कोणाले ठाऊक." महारोग हा शब्द उच्चारला नाही. उच्चारला असता तर उत्तर तरी देता आलं असतं.

शाळा समितीचे सेक्रेटरी म्हणतात, रोग लागट नाही असा डॉक्टरचा दाखला आणा, दिवाळीनंतर शाळा उघडायच्या आत. नाहीतर वर्ग दुसऱ्या बाईंना. ठीक आहे, आणते. नोकरी गेली तर दादाच्या घरात मी बिनलग्नाची बहीण म्हणून नुसती… नको. लिहायचंच नाही ते.

२९ सप्टें.
नागपूर. दादा सोबत. डॉक्टर वयानं म्हातारे, कसली घाई नाही. डोळे मिटायला लावून गालावर कापसाचा बोळा फिरवला, टाचणी टोचली. बधिर कुठंच नाही, सगळं जाणवलं मला. "महारोग नाही. याला रोझेशिया म्हणतात. कातडी नाजूक आहे, आतल्या बारीक रक्तवाहिन्या लवकर फुलतात. कोणाला लागत नाही." तिथंच रडू फुटलं. मग म्हणाले, "पुरतं जाईल असं सांगणार नाही. ताब्यात मात्र राहील." ऊन, चुलीची धग, गरम चहा, तिखट टाळायचं. "तोंडाला काही लावता? स्नो, पावडर?" म्हटलं, काही नाही. दाखला घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत.

८ ऑक्टो.
चहा गार करून पिते. वहिनी म्हणते, "असा थंडा चहा पितं का कोणी? सरबतच पी न वं." ठेचा बंद. हे सगळ्यांत जड जातं. छत्री घेऊन शाळेत जाते, पानठेल्यावरचे हसतात. हसू दे. चूल वहिनीने स्वतःकडे घेतली, मी बसून भाजी चिरते. बिचारी पोळ्यापासून रोज सायीत संत्र्याच्या सालीची पूड कालवते आणि आपल्या हातानं माझं तोंड चोळून देते. "डाग धुवून निघन, पाहाय तू."

२० ऑक्टो.
उतार नाही. उलट गालांवर पुटकुळ्या. इतकं सोसून हे फळ! काल रागाच्या भरात अख्खी हिरवी मिरची खाल्ली. मूर्खपणा. रात्रभर तोंडाची आग. आज पुन्हा भाकरी-दही.

१ नोव्हें., नरक चतुर्दशी
आजपासून आपलं राज्य नवं, राजधानी भोपाळ. नागपूर मुंबई राज्यात गेलं. दादा म्हणतो, "गाडी तेच, तिकीट तेच, पण नागपूर आता परदेस."

पहाटे अभ्यंगस्नान. पाणी मुद्दाम कोमट घेतलं. वहिनीने सणाचं म्हणून उटण्यात सालीची पूड सढळ हातानं घातली होती. चोळलं तशी आग आग झाली. चहा घेतला नव्हता, चुलीपाशी गेले नव्हते, ऊन तर पडलंच नव्हतं. ओल्या केसांनी तशीच बसून राहिले. साल! डॉक्टरांना "काही लावत नाही" म्हटलं, ते खोटं नव्हतं. घरोघरी छपरावर साली वाळतात इथं. साल लावणं म्हणजे तोंडाला काही लावणं, असं कुणाच्या मनातही येत नाही.

वहिनीला सांगितलं. तिनं हातातली उटण्याची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हंजे म्याच जाळलं तुले?" मी म्हटलं, तू नाही गं, सालीनं. तिनं पदरानं डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं. पण साल बंद म्हणजे बंद.

१० नोव्हें.
नुसतं गार पाणी आणि मऊ फडकं. पुटकुळ्या बसल्या. लाली आहे, आग नाही.

१२ नोव्हें.
तोंड निवल्यावर द्यायचा म्हणून पेटीत ठेवलेला दाखला आज सेक्रेटरींना दिला. उलटसुलट पाहिला. "हा तर नागपूरचा. नागपूर आता आपल्या राज्यात नाही. छिंदवाड्याच्या सरकारी डॉक्टरचा आणा."
"दिला तेव्हा तर होतं."
"तवाची गोष्ट तवा."
शाळा येत्या सोमवारी, १९ला उघडते.

१३ नोव्हें.
विहिरीवर कमलच्या आईनं माझी बादली पाहून आपली घागर मागे ओढली. मी काही बोलायच्या आत वहिनी पुढे झाली, दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले. "पोळ्यापासून ह्याच हातानं इचं तोंड चोळून राहिली होती मी. पाहाय, काय झालं मले?" ती बाई हातांकडे पाहत राहिली. मग घागर भरून निघून गेली.  घरी येताना मी वहिनीचा हात धरला, तिनं सोडवला नाही.

१४ नोव्हें.
उद्या छिंदवाडा. सौंसरला बस बदलायची. धूळ, ऊन, पोचेपर्यंत तोंड लालभडक होणार. दादा म्हणतो, आजच जा, मुक्काम कर, सकाळी गार तोंडानं दाखव. मलाही तसंच वाटलं होतं. पण नाही. निवलेल्या तोंडाचा दाखला आणला तर वर्गात गाल पेटतील त्या दिवशी पुन्हा हेच सुरू. बसमधून उतरले की तशीच त्यांच्यासमोर जाऊन बसणार. लाल तोंडाचाच दाखला हवा मला.

वहिनी म्हणते, "मी बी येतो." देतात की नाही, बघू.