पोहता येतं? येस मॅम

पुणे,
३ फेब्रुवारी २०२४

ती. मायाआत्यास,
समीक्षाचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला नाही, कारण तू पोस्टाच्या काउंटरवरून फोनवर बोलतेस ते बाहेरच्या रांगेलाही ऐकू जातं, आणि हे रांगेला कळायला नको आहे.

हवाई सुंदरीची मुलाखत झाली. हॉटेलचा हॉल भरून मुली होत्या, सगळ्यांचे अंबाडे एकाच साच्यातून काढल्यासारखे. आधी उंची. चवड्यांवर उभं राहून भिंतीवरच्या खुणेला बोट लावायचं. शेळ्यांसाठी बाभळीच्या फांद्या वाकवत मी मोठी झाले, मला ती खूण म्हणजे काहीच नव्हती. मग चालून दाखवलं, मग हातापायांवरचे व्रण बघितले, मग इंग्रजीतली सूचना वाचायला दिली. गटचर्चेचा विषय होता, शाकाहारी प्रवाशाला चुकून कोंबडी वाढली तर काय कराल. बाकीच्या मुली कंपनीचं धोरण सांगत बसल्या. मी म्हटलं, आधी माफी मागेन, मग ताट उचलेन, मग धोरण. समोरच्या बाई हसल्या.

क्लासच्या मॅडमनी बजावलं होतं की शेवटच्या फेरीत कशालाही नाही म्हणायचं नाही. परराज्यात राहाल का, येस मॅम. सणासुदीला ड्युटी चालेल का, येस मॅम. पोहता येतं का, येस मॅम.

आत्या, माझी निवड झाली! पण रुजू होण्याआधी मार्चमध्ये मुंबईला पोहण्याची परीक्षा आहे. तलावाची एक लांबी आधाराशिवाय पार करायची आणि बुडण्याचं सोंग घेतलेल्या माणसाला काठाला ओढून आणायचं. मला तर बादलीसुद्धा खोल वाटते.

आप्पांची अट तुला माहीत आहे. संधी एकदाच. नाही जमलं तर चैत्रात विट्याचे पाहुणे येणार. मुलाचं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान आहे. चांगलाही असेल तो. पण मला कोइमतूरला विमानाने जायचंय, आणि तेही ड्युटीवर.

माझ्यावरचा लोभ थोडा कमी कर, पण उत्तर लवकर पाठव.

तुझी,
समीक्षा

भिलवडी, जि. सांगली,
८ फेब्रुवारी २०२४

चि. समीक्षा हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मीच शिक्का मारला, मीच फोडलं, आणि पोहण्याच्या ओळीवर येऊन कपाळाला हात लावला. अगं, आपल्या वाडीत सगळ्यात खोल पाणी टँकरमध्ये असतं! आपल्या घराण्यात पोहणारं म्हणून आजवर फक्त मेंढरू झालं, तेही लोकर कातरण्याआधी धुवायला ढकललं म्हणून.

उंची, चाल, व्रण, हसू, या सगळ्या फेऱ्या मीही दिल्यात, लग्नाआधी, सतरंजीवर बसून. तेव्हा नापास का केलं ते कुणी सांगत नसे. तुझ्या कंपनीने निदान कारण सांगून तारीख दिली. शिवाय मी पोहे फुकट वाटले, तुला त्याचा पगार मिळेल.

आता ऐक. आमच्या शेजारी संयोगिता राहते. नवरा फौजेत, पोस्टिंग जोधपूरला. त्यांच्या उसाच्या रानात मोठी दगडी विहीर आहे आणि घरात शालूबाई नावाची सासू. या वयातही बाई नऊवारीचा काष्टा मारून विहिरीत सूर मारतात. त्यांना तुझं सांगितलं तर म्हणाल्या, पाठव की, बुडली तर काढू, न्हाई बुडली तर शिकवू. याहून स्पष्ट धोरण तुझ्या कंपनीचंही नसेल.

पोरगी विहिरीत उतरणार म्हटल्यावर तुझा बाप पाठवणार नाही. दादांना मी कळवते की इंग्रजी सुधारायला माझ्याकडे येते आहेस. अगदीच खोटं नाही. पहिल्या गटांगळीला तू येस मॅमच म्हणशील.

येताना जुने ड्रेस आण, नवे नकोत. लोभ पाण्यात भिजला तरी आटत नाही, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
आत्या

भिलवडी,
२ मार्च २०२४

ती. भामावहिनींस,
मायाचा सा. न. वि. वि.

सगळे सुखरूप आहेत. हे वाक्य शेवटी लिहिलं असतं तर तुम्ही मधलं काही वाचलं नसतं, म्हणून आधीच लिहिते.

समीक्षा माझ्याकडे इंग्रजीला नव्हे, पोहायला आली आहे. नोकरीसाठी तशी परीक्षा आहे. पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून ती शालूबाईंच्या विहिरीत उतरली आणि सुरुवातीला पायरीला घोरपडीसारखी चिकटून बसली. शालूबाई काठावरून ओरडायच्या, तोंड मीट की गं भवाने, हीर पिऊन टाकतीस काय, उसाला पाणी पायजे! मग कॅन सुटला. आता पोरगी भिंतीकडेने अशा फेऱ्या मारते की बघत राहावं.

पुढचं ऐका. दादा कळप घेऊन नदीकाठाला आले आहेत हे तुम्हाला ठाऊकच. ऊस तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला त्यांना ज्यांनी बोलावलं, ते नानासो म्हणजे याच शालूबाईंचे यजमान. भिलवडीत एवढी रानं, पण दादा नेमके त्याच विहिरीवर पाणी प्यायला गेले आणि आत डोकावले. त्या दिवशीचा धडा होता पाण्यावर उताणं, निपचित तरंगण्याचा. वहिनी, आपल्या माण तालुक्यात माणूस पाण्यावर निपचित दिसला की त्याचा अर्थ एकच होतो. शालूबाई कडुलिंबामागे लुगडं पिळत होत्या. दादांनी काठी टाकली आणि खांद्यावरच्या घोंगड्यासकट उडी मारली. आपल्याला पोहता येत नाही हे त्यांना हवेत असताना आठवलं असावं.

शालूबाईंनी तिला शिकवलं होतं, बुडणाऱ्याला समोरून धरायचं नाही, तो आपलीच शिडी करतो. पोरीने मागून जाऊन त्यांची कॉलर पकडली. दादा हातपाय झाडत होते, तिच्या बरगडीला लाथ बसली, पण तिने कॉलर सोडली नाही. ओढत ओढत पायरीला आणलं.

मी धावत पोचले तेव्हा दोघं पायरीवर बसली होती आणि दादा तिच्या ओढणीने डोकं पुसत होते. मला बघून विचारलं, इंग्रजीचा क्लास ह्योच काय? मी खाली वाकून त्यांचं घोंगडं पिळायला घेतलं.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. कळप सोबतच्या हरिबाच्या ताब्यात देऊन वाडीकडे निघाले आहेत. तिला मुंबईला पाठवणार की नाही, त्यांच्या मनात काय आहे, ते तुम्हीच काढून घ्या आणि मला कळवा. परीक्षा जवळ आली आहे.

माझ्यावरचा लोभ या पत्राने घटला असेल, तर तेवढा समीक्षाकडे वळवा.

आपली,
माया

बिरोबाची वाडी, ता. माण,
७ मार्च २०२४

चि. माया हिस,
भामाबाईचे आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तवा हे दारातच बसले हुते, म्हणून शेरडांच्या वाड्यात जाऊन वाचलं. हितं येगळंच चाललंय. हे समद्या वाडीला सांगत्यात, पोरगी हिरीत पडली हुती, म्या उडी टाकून काढली. आकारामभावजींनी देवळापुढं नारळबी फोडला. मीबी त्येचा परसाद वाटला. लग्न झाल्यापास्नं लय कायबाय गिळलं, त्यात ही थाप तर गोडच हाय.

काल भाकरी मोडता मोडता हात थांबला. म्हणाले, तिच्या मनगटात लय ताकद हाय गं. घास ताटात ठिवून म्हणाले, लाथ बसली तरी सोडलं न्हाई मला तिनं. मी म्हणाले, आवं, मग तिला मुंबईला कोण घालवाय जाणार? म्हणाले, मी जातो की, पर काठापास्नं लांब बसीन.

विट्याच्या पाव्हण्यांचं मातुर काय बोलले न्हाईत. मीबी इचारलं न्हाई.

जीव लाव पोरीला. आमचा तुझ्यावर हायच.

भामाबाई

मुंबई,
१९ मार्च २०२४

ती. मायाआत्यास,
समीक्षाचा शि. सा. न. वि. वि.

पास झाले! पण कशी, ते ऐक.

तळ दिसणारं पाणी मी पहिल्यांदा बघितलं, आणि त्याचीच भीती वाटली. शिट्टी झाली, निघाले. शालूआजींच्या विहिरीत सरळ जायला जागाच कुठे आहे? तिथे निघालं की डावीकडे वळायचंच. मी वळले. दोरीखालून शेजारच्या मुलीच्या पट्ट्यात गेले, तिथून तिच्या शेजारणीच्या, मग भिंत लागली तेव्हा कुठे जिवात जीव आला आणि मी भिंतीकडेने फेरी सुरू केली. परीक्षक शिट्ट्या वाजवत होते. मला वाटलं, उत्साह वाढवतायत. बाहेर काढून विचारलं, प्रदक्षिणा घालताय का. मी विहिरीचं सांगितलं तर पोट धरून हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, लांबी ती लांबीच. सगळ्यांचं झाल्यावर एक संधी आणखी देतो.

आप्पा सगळ्यात वरच्या पायरीवर बसले होते, भिंतीकडे तोंड करून. पोरगी परत रांगेत का उभी आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि विचारायची हिंमत त्यांच्यात नव्हती. दुसऱ्या वेळी मी डाव्या भिंतीलगतचा पट्टा मागून घेतला. वळावंसं वाटलं तरी वळायला वाव नव्हता. पलीकडे हात टेकला तेव्हाच वर बघितलं, तर आप्पा उभे होते, तोंड तलावाकडे करून.

बुडणाऱ्याचं सोंग घेतलेले सर आप्पांच्या मानाने फारच सभ्यपणे बुडत होते.

आता गुडगावला प्रशिक्षण. एसटीत बसताना आप्पांनी एवढंच सांगितलं की तिकडं थंडी असंल, सांभाळ. विट्याचा विषय त्यांनी काढला नाही. आत्या, नोकरी मिळाली, पण ती चैत्रापर्यंतच आहे की काय, हे मला अजून कळलेलं नाही.

शालूआजींना माझा वाकून नमस्कार. लोभ तर तुझा हवाच, धीरही थोडा पाठव.

तुझी,
समीक्षा

बिरोबाची वाडी,
१४ एप्रिल २०२४

चि. समीक्षा हीस,
बिराप्पाचे आशीर्वाद.

पत्र लिवायची मला सवय न्हाई. पर माया म्हणाली, दादा, फोनवर तुमी निम्मंच बोलून ठेवून देताय, म्हणून लिवतोय.

विट्याचे पाव्हणे काल आलते. तुझी नोकरी त्यांच्या कानावर गेलीया. लय खूश हुते. म्हणाले, आता सुपारी फोडू, नोकरीचं लग्नानंतर बघू. मी म्हणालो, बघू म्हंजी काय बघू? ते म्हणाले, ते मागनं ठरवू, आज तुमी बाप म्हणून शब्द द्या. आकारामनं सुपारीचं ताट माझ्याफुडं सरकवलं. समदी माझ्या तोंडाकडं बघाय लागली. तुझी आई दाराआड उभी हुती, तीबी.

आपल्या वाडीत आजवर पोरीला इचारून कुणी शब्द दिलेला न्हाई. माझ्या बानं न्हाई दिला. मीबी मायाच्या येळंला न्हाई इचारलं तिला.

मी ताट आकारामकडं माघारी सरकवलं. म्हणालो, पोरगी हितं न्हाई. पाव्हणे म्हणाले, मग कुणाला इचारायचं? मी म्हणालो, तिलाच. ते हसले. आकारामबी हसला. मी न्हाई हसलो, मग ते थांबले. च्या पिऊन गेले.

तर तुझं काय म्हणणं हाय ते लिव. उघड्या कार्डावर नगं, पाकिटात घाल. हितं समदी वाचत्यात.

थोरल्यानं धाकट्याकडं लोभ मागायची रीत न्हाई, पर मागतो. असू दे.

तुझा,
आप्पा