पूर्ण भूल की नुसतं बधिर

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार

ठरलं! नाक करायचं. १ मार्चची तारीख घेऊन आलो.

डॉक्टरीणबाईंनी आरसा हातात दिला आणि नाकाच्या मधोमध जो उंचवटा आहे त्यावर बोट ठेवलं. "एवढंच घासायचं. बाकी नाक छान आहे तुमचं." छान! तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी म्हणालं. शाळेत पोपट, कॉलेजात पोपट, कंपनीतही पोपटच.

मग विचारलं, "भूल कोणती घेणार?" मला वाटलं होतं, भूल म्हणजे भूल. तर दोन प्रकार! एक पूर्ण — झोपायचं, उठायचं, काम झालेलं. दुसरी — नाक तेवढं बधिर, जोडीला थोडी गुंगी, पण माणूस जागा. "दुखत नाही. फक्त छिन्नी-हातोडीचा आवाज ऐकू येतो. हाडावर ठोकलेलं कळतं."

पूर्ण! वाक्य संपायच्या आत सांगून टाकलं. कोविडची लस घेताना खुर्चीतून खाली पडलेला माणूस मी. हातोडी कसला ऐकतोय.

१३ फेब्रुवारी

रजेच्या अर्जात "नाकाच्या हाडाचे ऑपरेशन" लिहिलं. खोटं नाही. साहेब म्हणाले, "श्वासाचा त्रास का, बद्रीनाथ?" मी मान हलवली. आता हे थोडं खोटं.

दिवसभर प्लास्टिकचे भाग तपासले. भाग हातात घ्यायचा, कडेवरून बोट फिरवायचं, कुठं उंचवटा लागला की नापास. सहा वर्षं चिकलठाण्याला हेच करतोय. आज दोनदा तेच बोट नाकावरून फिरलं. नापास.

१४ फेब्रुवारी

आईला सांगितलं. मेथी निवडत होती.

"नाकाला काय झालं? तुझ्या बापाचं नाक हाय ते."

तेच तर! हे तोंडावर आलं होतं, गिळलं. मग म्हणाली, बाईमाणसानं केलं तर समजू शकते, पुरुषाला कशापायी? लोक काय म्हनतील? हे सगळं येणार होतंच. मी ऐकून घेतलं. पण "पूर्ण भूल देणार आहेत" म्हणालो आणि तिचे हात थांबले.

"भूल नको. भुलीनंच गेले ते."

बाबा — पुंजाराम — हर्नियाच्या ऑपरेशनला तालुक्याला गेले ते परत आलेच नाहीत. वय तेहतीस. मी सात वर्षांचा. भूल चढली ती उतरलीच नाही, एवढंच घरात बोललं जातं. तेही क्वचित.

मेथी तशीच ठेवून आई आत गेली. मला वाईट वाटलं, रागही आला. एवढं एक मनासारखं करायला निघालो तर मध्ये बाबा!

१७ फेब्रुवारी, शनिवार

भुलीच्या डॉक्टरांकडे तपासणी. फॉर्मवर प्रश्न : घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का? 'नाही' लिहिणार होतो. पण खरं ते लिहिलं.

डॉक्टरांनी पेनच खाली ठेवलं. म्हणाले, काही घराण्यांत ठरावीक औषध रक्तालाच सोसत नाही. वडलांना नसेल सोसलं, तर तुम्हालाही धोका. "जुने कागद आणा. नाहीतर पूर्ण भूल मी देणार नाही. बधिर करून करू."

म्हणजे हातोडी! गारखेड्याला घरापर्यंत गाडी कशी चालवली, आठवत नाही. सिग्नलला मागचे हॉर्न मारत होते.

१८ फेब्रुवारी, रविवार

आईला कागद मागितले. "नायत." पेटी उघडू का? "नायत म्हनलं ना." एवढं तोडून कधी बोलत नाही.

२१ फेब्रुवारी

हातोडीचा आवाज मोबाईलवर शोधून ऐकला. मूर्खपणा!

२४ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी घेऊन तालुक्याला जाऊन आलो. दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान. डॉक्टर वारले. कागदांचं विचारलं तर दुकानदारानं मला वर-खाली बघितलं. तेवीस वर्षांपूर्वीचे कागद!

येताना एसटीत शेजारच्या आजीनं फडकं सोडलं. दुधातल्या दशम्या. एक मला दिली. काय मऊ! आमच्या घरात दशमी होत नाही. शाळेच्या सहलीला सगळ्यांच्या डब्यात दशम्या, माझ्या डब्यात बिस्किटांचा पुडा. विचारलं की आई म्हणायची, "मला जमत नाय." पुरणपोळी जमते, मांडे जमतात, आणि दशमी जमत नाही!

घरी येऊन हेच हसत सांगितलं. आई हसली नाही. "तालुक्याला गेलता तू?" एवढंच.

२५ फेब्रुवारी, रविवार

हे लिहायला हात तयार नाही. तरी लिहितो. नाहीतर डोक्यात फिरत राहील.

दुपारी आई समोर येऊन बसली. पदर गुडघ्याखाली घट्ट दाबलेला.

"कागद हुडकू नको. कागदात ते लिहेल नाय."

काय लिहिलेलं नाही?

"उपाशी या म्हनले व्हते. आलो आम्ही. सकाळपासून बसलो, बारा वाजले तरी नंबर लागंना. ते म्हनले, आगं, पोटात आग पडली. मी रातच्यासाठी डबा आनेल व्हता. जिन्याखाली नेलं अन् दशमी दिली. अर्धीच घ्या म्हनलं. लई भूक व्हती त्यांना, दोन खाल्ल्या. तेवढ्यात नाव पुकारलं. आत जाताना नर्सनं इचारलं, काय खाल्लं का? ते माझ्याकडं बघायला लागले. मीच म्हनलं — नाय."

तेवीस वर्षं! कुणाला सांगितलं नाही. आजीला नाही, मामाला नाही. मी जवळ सरकलो तर म्हणाली, "मला हात लावू नको आता." मग थोड्या वेळानं स्वतःच माझा हात धरला.

शेवटी विचारलं, "तुझ्या डॉक्टरला इचारशील? त्या दशमीनं झालं का भुलीनं?"

२६ फेब्रुवारी

विचारलं. भुलीच्या डॉक्टरांनाच. म्हणाले, भरल्या पोटी भूल दिली की पोटातलं वर येतं आणि फुप्फुसात उतरतं. "तेच झालं असणार. म्हणून तर उपाशी ठेवतो." मग एकदम मोकळ्या आवाजात, "तुमच्या दृष्टीनं बरंच आहे की. रक्ताचा प्रश्न नाही. पूर्ण भूल घ्या खुशाल!"

खुशाल. जिन्यात बसून राहिलो. मला हवं होतं तेच मिळालं. आता झोपायचं, उठायचं, काम झालेलं. आणि आईला काय सांगायचं? मला पूर्ण भूल दिली म्हणजे भुलीत खोट नव्हती. म्हणजे दशमीच. एवढं तिला न सांगता कळेल.

२७ फेब्रुवारी

"काय म्हनले डॉक्टर?" दारातच उभी होती.

भेटलेच नाहीत, म्हणालो. तिनं चहा दिला आणि मी पिईपर्यंत माझ्याकडे बघत बसली. ऑपरेशनच रद्द करावं का? तरी आईचा प्रश्न उरतोच. कंपनीत आज चांगले भाग नापास केले, साहेब ओरडले.

२८ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरीणबाईंना फोन केला. नुसतं बधिर करा, म्हणालो. त्या गोंधळल्या — "पण आता पूर्ण चालेल की! तुम्हालाच तर भीती वाटत होती!" वाटतेच.

मग आईजवळ जाऊन बसलो. "भेटले डॉक्टर. ते औषधच आपल्या घराण्याला सोसत नाही. रक्तातच आहे. बाबांचं तेच झालं. मलाही पूर्ण भूल देत नाहीत, जागेपणीच करणार."

"अन् दशमी?"

"दशमीनं काही होत नसतं."

"डॉक्टर म्हनले?"

"हो."

"सोता?"

"स्वतः."

तिनं डोळे पुसले नाहीत. तसेच वाहू दिले.

२ मार्च, शनिवार

काल झालं. जागा होतो. अकरा ठोके मोजले.

दुपारी आईनं वाटी आणली. गरम दूध, त्यात कुस्करलेली दशमी. "बघ रे, जमली का."

नाक बंद. चव काही कळेना. म्हणालो, "लई भारी जमली."